हळूभाऊंची परात

गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं ऐकिवात नाही. घरात ते मधले, भट्टीवर मधले मालक आणि गल्लीत हळूभाऊ. दूधवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढला की खालच्या खोलीतून आवाज यायचा, "हळू." टपालवाल्यानं दाराला बोट लावलं की, "हळू." मांजर कठड्यावरून उडी मारायच्या बेतात असलं, तरी हा गृहस्थ त्याच्याकडे बघून "हळू" म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर मांजरसुद्धा ऐकायचं.

वय बावन्न. उंच, जरा पुढे वाकलेले, पायात बारा महिने सुती मोजे. ते चालताना दिसायचे, ऐकू यायचे नाहीत. पाठीमागे येऊन उभे राहिले की समोरच्याच्या काळजाचा ठोका चुकायचा, आणि तो दचकला की हे त्यालाच म्हणणार, "हळू."

धंदा क्विनीनचा, तीन पिढ्यांचा. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. सालीची पोती मागच्या दारानं आत जात आणि पांढऱ्या हलक्या भुकटीचे डबे पुढच्या दारानं बाहेर येत. मधल्या भागात साल दळायची, चुन्यात कालवायची, कोमट तेलात घोळवायची, तिचा कडू अंश तेलातून आम्लाच्या पाण्यात उतरवायचा, ते पाणी कोळशाची पूड घालून उकळायचं, गाळायचं आणि शेवटी परातीत ओतायचं. परात म्हणजे जेवणाची नव्हे. माणूस पाय ताणून झोपेल एवढी लाकडी चौकट आणि आतून शिशाचा पत्रा. तिच्यात ते पाणी निवायचं आणि तीन दिवसांत क्विनीनच्या सुया धरायच्या, केसासारख्या बारीक, पिंजलेल्या कापसासारख्या हलक्या. मग घरात म्हणायचे, परात बसली.

कडू धूळ सगळीकडे. साखरेच्या बरणीवर, उशीवर, आरशावर. त्या घरात चहा प्यायला जाणारा माणूस मनातून खंबीर लागायचा.

आता हा 'हळू' आला कुठून, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

आजोबांनी धंदा काढला तो सख्ख्या भावाबरोबर. पहिल्याच वर्षी दोघांत कडाक्याचं भांडण झालं, तेही कशावरून, तर दाराकडे तोंड असलेल्या खुर्चीवर कुणी बसायचं यावरून. वरच्या मजल्यावर दोघं तासभर ओरडले, धाकट्यानं दार आपटलं आणि तो गेला तो कायमचा. खाली नुकतीच ओतलेली परात होती. तीन दिवसांनी आजोबांनी तिच्यावरचं फडकं उचललं तर आत तपकिरी चिकट राळ. एक सुई नाही. आजोबांनी विचार केला, पाणी बसत होतं तेव्हा डोक्यावर दार आपटलं. घर हादरलं, परात हादरली, माल मोडला. त्या दिवसापासून नियम झाला. परात बसत असेल तोवर वर जोरानं चालायचं नाही, बोलायचं नाही, आणि महत्त्वाचं काही काढायचं तर अजिबातच नाही, कारण महत्त्वाच्या बोलण्यात आवाज चढतो.

एका परातीला तीन दिवस गप्प, उरलेले चार दिवस मोकळे. त्या चार दिवसांत घर असं काही बोलायचं की गल्लीला दारं लावून घ्यावी लागत. क्विनीनची धूळ वर्षानुवर्षं पोटात गेली की कान वाजू लागतात, त्यामुळे त्या घरात हलक्या आवाजात बोलणारा माणूसच नव्हता. गल्लीला त्यांच्या घरचं सगळं माहीत असायचं, त्यात गल्लीचा काय दोष?

वडिलांच्या काळात दुसरी परात आली. ती पहिलीच्या पाठोपाठ भरायची. म्हणजे सहा दिवस गप्प आणि एक रविवार बोलायला. आठवड्याची सगळी भांडणं रविवारी दुपारी रांगेत उभी राहायची. मधल्या दिवसांसाठी जिन्याच्या भिंतीवर चार पाट्या टांगल्या गेल्या, एकेकाच्या नावाची एकेक. भाजी काय आणायची इथपासून तू माझ्या आईला काय म्हणालास इथपर्यंत सगळं खडूनं. खडू किरकिरला तर तोही ओला करून वापरायचा.

मधल्यांकडे लहानपणापासून परातीच्या खोलीचं काम होतं. बाकी कुणाला तिथं करमायचं नाही. काळोखी, थंड खोली, खिडकीला जाड पडदा, आणि काम काय, तर काही होऊ द्यायचं नाही. काही न होणं सांभाळायला एक पगारी माणूस लागतो, हे गल्लीला पटायला वेळ लागला.

त्यांचं लग्न झालं ते दोन परातींच्या दिवसांत. बायको शिवणकाम करणारी. माहेराहून पायमशीन घेऊन आली आणि तिची खोली नेमकी परातीच्या डोक्यावर. मशीनचा पाय हलला की खालच्या छतातून बारीक चुना पडायचा. मधले वर जायचे, दारात उभे राहायचे, बोट ओठावर ठेवायचे. ती रविवारची वाट बघायला शिकली. रविवारी सकाळी सहाला मशीन सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत थांबायचं नाही. सहा दिवसांचे कापून ठेवलेले झंपर ती एका दिवसात उडवायची. मधले खाली रिकाम्या परातीच्या काठावर बसून ते ऐकत. त्यांना त्या आवाजाइतकं दुसरं काही आवडायचं नाही, पण हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर रविवारी, आणि रविवारी मशीन चालू.

मग वडील गेले, दादा मालक झाले. हिवतापाला नवी औषधं आली तेव्हा सगळे म्हणाले, आता बसला यांचा धंदा. पण दादा खमके. कडू सोडा करणाऱ्या कंपन्या त्यांनी गाठल्या. लोक चवीसाठी पैसे देऊन कडू पितात, हे गल्लीला तेव्हा कळलं. मागणी इतकी वाढली की तिसरी परात आली.

तीन पराती आल्यावर रविवार संपला.

बायकोनं सहा महिने वाट पाहिली. मग एके सकाळी हातगाडीवाला बोलावला, मशीन दोरीनं जिन्यावरून खाली सोडलं, आणि कौतुक असं की जराही आवाज न करता. मधले परातीच्या खोलीत होते, त्यांना पत्ताच नाही. दुपारी वर आले तर त्यांच्या पाटीवर तिचं अक्षर. "मी बहिणीच्या गावी जाते. शिवणवर्ग काढीन. दादांना सांगा आणि या. परात बसली की वाचा."

ती पाटी त्यांनी उलटी करून भिंतीकडे तोंड करून टांगली आणि नंतर कधी पुसली नाही. अकरा वर्षं वहिनी, म्हणजे दादांची बायको, कुरकुरत राहिली की एक पाटी अडवून ठेवलीय आणि हिशेबानं घरात एक पाटी कमी पडते.

दादांना सांगायचं होतंच. रोज सकाळी मोजे चढवताना ते ठरवायचे, आज सांगू. पण ते महत्त्वाचं बोलणं. त्यात आवाज चढणार. सोमवारची परात बसत असायची, ती उतरायच्या आत बुधवारची भरलेली असायची, ती उतरेपर्यंत शुक्रवारची. पाटीवर लिहायचं तर खडू घेऊन उभे राहायचे, 'दादा' एवढं लिहायचे आणि पुसायचे. दादा विचारायचे खुणेनं, काय? हे खुणेनंच सांगायचे, काही नाही.

अकरा वर्षांनी तिचं पत्र आलं. टपालवाल्यानं दाराला हात न लावता खिडकीतून सरकवलं, इतका तो तयार झाला होता.

"घरमालक भाडं वाढवतोय. एक तारखेपासून मी दोन खोल्या सोडून एकच ठेवणार. त्या एकीत चार मशिनं आणि एक माणूस मावेल, दुसरं मावणार नाही. यायचं असेल तर त्याआधी या, म्हणजे दोन्ही ठेवते. पुन्हा लिहिणार नाही."

तारीख होती अकरा. म्हणजे वीस दिवस. मधल्यांनी पत्र घडी करून मोज्यात घातलं. तिथं कुणी शोधणार नव्हतं.

सहा दिवसांनी गल्लीत रस्त्याचं काम निघालं. आधी फोडणारं यंत्र, मागून रोलर. घराची कपाटं वाजायला लागली, वरच्या फळीवरून डबे चालत चालत काठापर्यंत आले. दादा मोजे न घालता, म्हणजे चक्क बूट घालून, रस्तेखात्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दगडांना काय सांगू? कुजबुजत फुटा म्हणून?"

दादा घरी येऊन आडवे झाले. दोन पराती भरलेल्या. "गेलं," म्हणाले, "सगळं गेलं." आणि ते मोठ्यानं म्हणाले, कारण आता हळू बोलून वाचवायचं काय राहिलं होतं?

तिसऱ्या दिवशी पहिली परात उतरवायची पाळी. मधले एकटेच खोलीत गेले. बाहेर रोलर जात होता, पायाखालची फरशी दातांसारखी वाजत होती. त्यांनी फडक्याचं टोक धरलं, उचललं.

पांढऱ्या सुया. काठापासून काठापर्यंत. नेहमीपेक्षा बारीक आणि नेहमीपेक्षा हलक्या, फुंकर घातली तर उडतील अशा. मधल्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवल्या. कडू जहर. असा माल त्यांच्या हातून वर्षात एखाद्या वेळी उतरायचा.

दुसरा कुणी असता तर ओरडत वर गेला असता. मधले परातीच्या काठावर बसले. रोलर गेला, परत आला, पुन्हा गेला. छताकडे, वरच्या रिकाम्या खोलीकडे, त्यांची नजर गेली. बारीक चुना पडत होता, अगदी तसाच. तेवीस वर्षांपूर्वी दारात उभं राहून ओठावर ठेवलेलं बोट त्यांनी समोर धरून पाहिलं.

मग उठले, दोन बादल्या घेतल्या, त्या सगळ्या सुया भरल्या आणि भट्टीवर नेऊन उकळत्या कढईत परत ओतल्या.

भट्टीवाला बघतच राहिला. त्याचा बापही इथंच भट्टीवर होता. "मधले मालक, हे काय करताय?"

"माल बिघडलाय."

"बिघडलाय? मी काय आंधळा आहे? बिघडलेला माल राळेसारखा असतो. कोळसा घालायचा राहिला तर तसा होतो. हा तर कापूस आहे."

"कोळसा?"

"मग. तुमच्या आजोबांच्या वेळी झाला होता तसा. कोळसा घालायचं काम धाकट्या भावाचं. तो भांडून निघून गेला आणि पोतं तसंच भट्टीशेजारी बांधलेलं राहिलं. माझ्या बापानं ते स्वतः पाहिलं होतं."

मधल्यांचा हात कढईवरच राहिला. "मग आजोबांना सांगितलं नाही कुणी?"

"सांगणार कधी?" भट्टीवाला म्हणाला. "लगेच बोलायची बंदी झाली ना. आणि मोकळ्या चार दिवसांत तुमच्या घराच्या आवाजात माझ्या बापाचा आवाज कुठून पोचणार?"

मधल्यांनी बादल्या खाली ठेवल्या. हळू ठेवल्या. दादांना जाऊन सांगितलं, पहिली परात गेली. दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

हे असं का केलं, असं गल्लीनं नंतर शंभरदा विचारलं. ज्याच्या हातात किल्ली पडली त्यानं स्वतःच कुलूप का लावावं? पण मधल्यांच्या जागी उभं राहून बघा. दार उघडं आहे हे कळलं, म्हणजे ते तेवीस वर्षं उघडंच होतं हेही कळलं. मग ती गेली कशासाठी? आणि आपण मोज्यांत फिरलो ते कशासाठी? त्यापेक्षा कुलूप बरं. कुलपाला निदान दोष देता येतो.

पण कढईत बादल्या ओतताना त्यांना आणखी कुणी पाहिलं होतं. वहिनी चहा घेऊन जिन्याच्या वळणावर होती. ती परत वर गेली, चहा स्वतः प्यायली आणि दोन दिवस पाटीवरसुद्धा काही लिहिलं नाही.

रस्त्याचं काम संपलं. दुसरी परात उतरली, तीही पांढरीशुभ्र. मधल्यांनी तीही बादल्यांत भरली, पण या वेळी कढईपर्यंत पाय जाईनात. बादल्या खोलीतच फडक्याखाली झाकून ठेवल्या. पहिलीतला माल पुन्हा गाळून नवी परात ओतली, मोजे सारखे केले आणि नेहमीसारखे स्टुलावर बसले. पत्र मोज्यात टोचत होतं. महिना संपायला नऊ दिवस.

तेवढ्यात डोक्यावर धाड.

मग पुन्हा धाड. धाड. छतातून चुना परातीच्या फडक्यावर पडला. मधले जिना चढून गेले. बायकोच्या रिकाम्या खोलीत वहिनी जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर लोखंडी खलबत्ता, आणि खलात काहीच नाही.

"वहिनी, हळू. परात बसतेय."

"बसू दे की. कापसासारखी बसेल." बत्ता पुन्हा आदळला. "भाऊजी, मी बघितलं तुम्हाला. बादल्या ओतताना."

मधल्यांनी पाठीमागचं दार लोटलं. हळू.

"तीस वर्षं मी या घरात पाय न वाजवता चालले. माझं मूल रांगायला लागलं तेव्हा त्याच्या गुडघ्यांना फडकी बांधली मी. आणि तुम्ही ते कढईत विरघळवून टाकता?"

"दादांना कळलं तर ते कोसळतील."

"ते कोसळतील का तुम्ही?" वहिनीनं बत्ता हातात तोलला. "मी आजपासून रोज कुटणार. सकाळ-संध्याकाळ. त्यांना कमी ऐकू येतं, पण फरशी हललेली पायाला कळते. येतीलच खाली विचारायला. तेव्हा काय सांगायचं ते ठरवा."

दादा खरंच खाली आले. परातीच्या खोलीचं दार उघडून आत डोकावले, बोट वर करून विचारलं, हे काय चाललंय? मधले स्टुलावरून उठले.

"दादा, मी जातोय," ते म्हणाले. आयुष्यभराच्या सवयीनं, परातीच्या खोलीत बोलावं तसं.

दादांना ऐकू गेलं नाही. उलट त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"मी जातोय," मधले जरा मोठ्यानं म्हणाले.

दादांनी कानाला हात लावला.

तेव्हा मधल्यांनी छाती भरून श्वास घेतला. "मी तिच्याकडे जातोय." ते त्या खोलीत पहिल्यांदाच ओरडले, आणि आवाज इतका फुटका, इतका चढा निघाला की गल्लीत भाजी निवडणारे हात थांबले. वर वहिनीचं कुटणंही थांबलं.

दादा आधी परातीकडे वळले. दोघेही वळले, सवय वाईट. दादांनी फडकं उचललं. पाण्यावर पहिल्या सुया धरायला लागल्या होत्या, काठाकाठानं, निवांत, आपल्या वेळेनं.

मधल्यांनी मग कोपऱ्यातल्या बादल्यांवरचं फडकं काढलं. रोलरचं सांगितलं, कढईचं सांगितलं, कोळशाच्या बांधलेल्या पोत्याचं सांगितलं. सगळं ओरडून, कारण दुसरा इलाज नव्हता. दादा बादलीपाशी वाकले, मूठ भरून घेतली, उजेडाकडे धरली.

"किती बारीक पडल्यात," ते म्हणाले. क्विनीनवाल्याचंच रक्त. मग मूठ तशीच धरून वर छताकडे पाहिलं. "मग तिला मशीन का चालवू दिलं नाही आपण?"

"आपण नाही, दादा. वर जाऊन सांगायचो तो मी."

दादांनी मूठ बादलीत सोडली, हात धोतराला पुसले. जिभेनं ओठ चाटले, कडू लागलं असावं. कचेरीत चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "कधी निघायचं म्हणतोस?"

"आता."

"आता कसं? एवढी परात उतरव. तीन दिवसांचा प्रश्न. दुसऱ्याला जमणार नाही." आणि मग, मोठ्या भावाचा आवाज खाली उतरवून, "एवढी बसू दे. मग जा."

मधल्यांच्या ओठांवर 'बरं' आलं होतं. गल्लीत कुणीही शपथेवर सांगेल, आलंच होतं. तीन दिवस म्हणजे काय? नऊ दिवस होते हाताशी. ही उतरवून मग निघता आलं असतं. त्यांचा हात स्टुलाकडे गेला, आणि वरून बत्ता असा आपटला की परातीत वर्तुळं उठली.

त्यांनी स्टूल पायानं बाजूला सारलं. जिन्यावरून तिच्या अक्षराची ती उलटी पाटी उतरवली, काखेत घेतली, मोज्यांवरच घाईत एक वडिलांचा जुना आणि एक दादांचा असे बूट चढवले आणि निघाले. नव्या रस्त्यावर त्यांची पावलं वाजत होती. हळूभाऊंची पावलं वाजलेली गल्लीनं पहिल्यांदाच ऐकली. खोटं कशाला बोला, दोन बूट दोन मापांचे होते, त्यामुळे जरा विचित्रच वाजत होती.

त्या गावी पोचायला चार तास लागले. बहिणीच्या घराशेजारचा जिना लाकडी, वर शिवणवर्गाची पाटी. मधले खालच्या पायरीशी थांबले. वर मशिनं चालू होती, चारही, मधूनच एक थांबायचं आणि दुसरं धरायचं. त्यांनी वाकून बूट काढले. मोज्यातलं पत्र काढून खिशात ठेवलं. मग एका हातात बूट, काखेत पाटी, मोज्यांवर एकेक पायरी, कडेकडेनं, जिथं लाकूड वाजत नाही तिथं पाय ठेवत वर गेले.

ती दाराकडे पाठ करून बसली होती. केस पांढरे झाले होते. पाय मशीनवर आणि हाताखाली निळ्या कापडाची लांबच्या लांब शिवण. तीन मुली तीन मशिनांवर. त्यांच्यातल्या एकीचं लक्ष गेलं, ती तोंड उघडणार तेवढ्यात मधल्यांनी ओठावर बोट ठेवलं.

ठेवल्यावर त्यांनाच ते कळलं. त्यांनी बोट खाली घेतलं, पण शब्द काही येईना. एवढ्या आवाजात बोलायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते दारात उभे राहिले, मशीन थांबायची वाट बघत. शिवण लांब होती.